कोलकात्याची घोडी, गाढवे आणि धर्मादाय दवाखाना

इतिहासाच्या गप्पांमध्ये घोडा आला की आपल्याला लढाया आठवतात. पानिपत आठवते, बाजीरावांची दौड आठवते. आजचा घोडा मात्र रणांगणावरचा नाही, गाडीला जुंपलेला आहे. त्याच्या जोडीला एक गाढवही आहे, ज्याच्यावर इतिहासात कुणी प्रकरण लिहीत नाही. ही जनावरे आजारी पडली, लंगडली, रस्त्यात कोसळली तर त्यांचे काय व्हायचे? ज्याला औषधाचे पैसे परवडत नाहीत अशा माणसाच्या घोड्यावर उपचार कोण करायचे? या प्रश्नाला हिंदुस्थानात पहिले संघटित उत्तर कोलकात्याने दिले. ते उत्तर काय होते, त्यात चांगले काय होते आणि ते कुठे अडखळले, हे आज पाहू.

आधी शहर डोळ्यांसमोर आणू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे कोलकाता म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी आणि मोठे बंदर. हुगळीच्या घाटांवर ताग, तांदूळ, मीठ, कापड, कोळसा यांची चढउतार चालू. मोटार नाही, ट्रक नाही. घाटापासून गोदामापर्यंत आणि गोदामापासून बाजारापर्यंत जे काही हलायचे ते खुरांवर हलायचे किंवा माणसाच्या डोक्यावर. जड मालाला बैल आणि रेडे, माणसांच्या सवारीला घोडे. साहेबांच्या बग्ग्या वेगळ्या आणि भाड्याच्या ‘ठिका गाड्या’ वेगळ्या. साहेबाच्या बग्गीला ऑस्ट्रेलियातून जहाजाने आलेला उंचापुरा घोडा असायचा. न्यू साउथ वेल्सवरून आलेला म्हणून त्याला ‘वेलर’ म्हणत, आणि कोलकाता हे या घोड्यांच्या व्यापाराचे मोठे ठिकाण होते. भाड्याच्या गाडीला मात्र बारके देशी तट्टू असायचे. जो घोडा एका ठिकाणी म्हातारा ठरायचा तो खालच्या ठिकाणी विकला जायचा. घोड्याच्या आयुष्यात बढती नसते, उतरणच असते. तरणेपणी बग्गी, मग भाड्याची गाडी, मग मालाची गाडी, आणि शेवटी ज्याच्याकडे चंदीलाही पैसे नाहीत असा मालक.

त्यात भर पडली ट्रामची. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी कोलकात्यात सियालदह ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली. ती त्याच वर्षी २० नोव्हेंबरला बंद पडली, पण १८८० मध्ये नवी कंपनी आली आणि ट्राम पुन्हा धावू लागली. शतक संपता संपता या कंपनीकडे १६६ ट्रामगाड्या आणि सुमारे १,००० घोडे होते. आपल्या मुंबईतही तेच. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी ही घोड्यांची ट्राम सुरू झाली, आणि १९०५ मध्ये कंपनी बंद झाली तेव्हा तिच्या तबेल्यात १,३६० घोडे होते. आता विचार करा. लोखंडी रुळांवर गाडी एकदा चालू लागली की ओढायला हलकी असते. सगळा जोर लागतो तो थांबलेली गाडी हलवताना. प्रवासी चढला, उतरला, गाडी थांबली, पुन्हा घोड्याने खांद्याने रेटा द्यायचा. दिवसातून असे कितीदा? बंगालच्या दमट उकाड्यात ऑस्ट्रेलियाचा घोडा धापा टाकत कोसळला तर नवल नव्हते.

हे सगळे पाहणारा एक माणूस कोलकात्यात होता. त्याचे नाव कोल्सवर्दी ग्रँट. १८१३ साली लंडनमध्ये जन्म, १८३२ मध्ये कोलकात्यात आगमन. हा चित्रकार. शहरातल्या नामवंत मंडळींची रेखाचित्रे काढायचा, पुढे कॉलेजात चित्रकला शिकवायचा. बंगालच्या खेड्यातल्या जीवनावर त्याने सचित्र पुस्तकही लिहिले. चित्रकाराला लोकांपेक्षा जास्त दिसते. गाडीला जुंपलेल्या घोड्याची फासळी, खांद्यावरची जखम, लंगडणारा पाय, हे इतरांच्या नजरेआड जाते, त्याच्या जात नाही. १८६१ मध्ये ग्रँटच्या पुढाकाराने ‘कलकत्ता सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ क्रुएल्टी टू अ‍ॅनिमल्स’ ही संस्था स्थापन झाली. आशियातली अशा प्रकारची सर्वांत जुनी संस्था म्हणून ती ओळखली जाते.

या कामात बंगाली माणसे पहिल्यापासून होती, हे लक्षात ठेवा. त्यातले मोठे नाव प्यारीचंद मित्र. ‘टेकचाँद ठाकूर’ या टोपणनावाने त्यांनी लिहिलेली ‘आलालेर घरेर दुलाल’ ही कादंबरी बंगाली गद्याच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते. तेच प्यारीचंद बंगालच्या कायदेमंडळात सभासद होते, आणि प्राण्यांच्या छळाविरुद्धचा बंगालचा कायदा १८६९ मध्ये झाला त्यात त्यांचा हातभार होता. ग्रँट १८८० मध्ये वारला. त्याचे चरित्र पुढच्याच वर्षी प्यारीचंदांनीच लिहिले. कोलकात्यात रायटर्स बिल्डिंगसमोर ग्रँटच्या स्मरणार्थ एक स्तंभ उभारला गेला, आणि त्याला जोडून जनावरांसाठी पाण्याची कुंडे ठेवली. पुतळ्यापेक्षा हे स्मारक शहाणपणाचे. तहानलेल्या घोड्याला पुतळ्याचा काय उपयोग?

ही कल्पना आली कुठून? लंडनमध्ये १८२२ साली रिचर्ड मार्टिन या खासदाराने गुराढोरांच्या छळाविरुद्ध कायदा करून घेतला, आणि १८२४ मध्ये तिथे जगातली पहिली प्राणिरक्षण संस्था निघाली. या मार्टिनसाहेबांची एक गोष्ट सांगतात. बिल बर्न्स नावाच्या फेरीवाल्याने आपल्या गाढवाला मारले म्हणून मार्टिनने त्याला न्यायालयात खेचले. न्यायाधीश काही मनावर घेईनात. तेव्हा मार्टिनने चक्क गाढवालाच न्यायालयात आणून उभे केले आणि त्याच्या जखमा दाखवल्या. या प्रसंगाचे चित्रही प्रसिद्ध आहे. गोष्ट ऐकताना हसू येते, पण यातली एक बाब पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात कोण होता? एक गरीब फेरीवाला. घोड्यांवर बसून तासन्‌तास कोल्ह्यामागे धावणारे उमराव त्या पिंजऱ्यात नव्हते. हे ध्यानात ठेवा, आपण यावर परत येऊ.

आता कुणी म्हणेल, अहो, आपल्याकडे प्राणिदया काय इंग्रजांनी आणली? पांजरपोळ होते की! अगदी बरोबर. आणि इथेच एक फरक नीट समजून घ्यायला हवा. मुंबईचे पांजरपोळ १८३४ चे. दोनच वर्षांपूर्वी, १८३२ मध्ये, सरकारने भटकी कुत्री मारायला काढली म्हणून मुंबईत दंगल झाली होती. त्यानंतर सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभे राहिले. पांजरपोळाचा विचार असा, की या जीवाने आयुष्यभर काम केले, आता त्याला मरेपर्यंत चारापाणी द्यायचे. तिथे आलेले जनावर सहसा परत जुंपायचे नसते. तो आसरा आहे, वृद्धाश्रम म्हणा हवे तर.

दवाखान्याचा विचार वेगळा. जनावर आज आजारी आहे, त्याला बरे करायचे आणि मालकाच्या हाती परत द्यायचे. म्हणजेच पुन्हा कामाला लावायचे. एकात दया जास्त आहे आणि दुसऱ्यात कमी, असे म्हणून चालणार नाही. गाडीवानाचे पोट ज्या एका घोड्यावर आहे, तो घोडा कायमचा पांजरपोळात गेला तर गाडीवानाने खायचे काय? दवाखाना घोडा परत देतो. पण ज्या कामाने घोडा आजारी पडला त्याच कामावर तो परत जातो, हेही खरे. धर्मादाय जनावर-दवाखान्याची ही जन्मजात अडचण आहे, आणि दीडशे वर्षांत ती पूर्ण सुटलेली नाही.

मुंबईचे उदाहरण या बाबतीत आपल्याला जवळचे. मुंबईत प्राणिरक्षण संस्था निघाली १८७४ मध्ये, म्हणजे घोड्यांची ट्राम ज्या वर्षी आली त्याच वर्षी. मग गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी जागा आणि पैसा दिला आणि त्यांच्या पत्नीच्या नावाने परळला १८८३-८४ मध्ये जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. तेच बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. परळला बैलघोड्याचा दवाखाना म्हणून मुंबईकर आजही ते ओळखतात. १८८६ मध्ये याच आवारात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पहिले प्राचार्य होते जेम्स हेन्री स्टील. दवाखान्याला शिकाऊ डॉक्टरांचे हात मिळाले आणि विद्यार्थ्यांना रुग्ण मिळाले. पैसे नसलेल्या मालकाचे जनावर हेच विद्यार्थ्याचे पाठ्यपुस्तक झाले. कोलकात्यात बेलगाछियाला १८९३ मध्ये बंगालचे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, आणि संस्थेचा दवाखाना बोबाजार भागात, आज ज्याला बिपिन बिहारी गांगुली स्ट्रीट म्हणतात तिथे, शहराच्या अगदी पोटात राहिला. ही जागाही समजून घ्या. लंगडणारा घोडा दहा मैल चालत दवाखान्यात जाऊ शकत नाही. दवाखाना तिथेच हवा, जिथे घोडा राबतो.

मग अशा दवाखान्यात रोज चालते तरी काय? आपल्याला वाटते, मोठमोठ्या शस्त्रक्रिया. प्रत्यक्षात कामाच्या घोड्याच्या दवाखान्यातला बहुतेक दिवस चार गोष्टींत जातो. खूर, कातडी, पोट आणि पाय.

पहिला मान खुराचा. घोड्याचे खूर आपल्या नखासारखे सतत वाढते, महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढायचा, खूर तासायचे, नवा नाल ठोकायचा. नालबंदाने एक खिळा चुकीच्या जागी ठोकला की तो आतल्या जिवंत भागात जातो, पू होतो, घोडा पाय टेकत नाही. दवाखान्यात आलेला घोडा लंगडतो म्हटल्यावर जुना जाणता माणूस खांदा, गुडघा तपासण्याआधी पाय उचलून खूर पाहतो. खूर गरम लागते का, दाबले की घोडा पाय ओढतो का. अर्धी लंगड तिथेच सापडते. नाल काढला, भोक मोठे केले, पू वाहू दिला, गरम पाण्यात मीठ घालून शेकले, की दोन दिवसांत घोडा पाय टेकतो. पण नालाचे पैसे वाचवायला मालक महिना महिना पुढे ढकलतो, आणि मग हे दोन दिवसांचे दुखणे दोन महिन्यांचे होते.

दुसरी कातडी. साज अंगाला नीट बसला नाही, दोरी काचली, खोगिराखाली घामाचा खडा झाला, की तिथे घासून जखम होते. जखमेवर माशी बसते, अंडी घालते, अळ्या पडतात. दवाखान्याच्या ओसरीवर रोज सकाळी दिसणारे दृश्य हेच. कुणी जखम धुतोय, कुणी चिमट्याने अळ्या काढतोय, मोतद्दार घोड्याचे तोंड धरून त्याच्याशी बोलतोय. या जखमेवर सगळ्यांत मोठे औषध कुठल्या बाटलीत नसते. औषध असते विश्रांती, आणि साजाखाली मऊ जाड गादी. विश्रांती द्यायची तर घोडा घरी उभा, म्हणजे कमाई बंद. डॉक्टर लिहून देतात दहा दिवस आराम, मालक देतो तीन दिवस. चौथ्या दिवशी घोडा परत रस्त्यावर आणि जखम परत ओली. यात मालक दुष्ट आहे असे समजू नका. त्याच्या घरातली चूल घोड्याच्या खांद्यावर पेटते.

तिसरे पोट. घोड्याची एक मोठी अडचण अशी की त्याला उलटी होत नाही. जे पोटात गेले ते पुढेच जायला हवे. निसर्गाने घोडा दिवसभर थोडे थोडे चरण्यासाठी घडवला आहे. गाडीचा घोडा मात्र दिवसभर उपाशी राबतो आणि रात्री तोबऱ्यात एकदम चंदी मिळते. त्यात पाणी कमी, चारा बुरशीचा. मग पोटशूळ उठतो. घोडा घामाघूम होतो, पोटाकडे वळून वळून पाहतो, जमिनीवर लोळतो. ही खरी आणीबाणी. नाकातून नळी घालून पोट मोकळे करायचे, तेल द्यायचे, वेदनाशामक द्यायचे आणि पहारा करायचा. निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. ती साठ, सत्तर, ऐंशी अशी चढू लागली की डॉक्टरचा चेहरा गंभीर होतो. रात्रीची पाळी ही या दवाखान्याची खरी परीक्षा असते, कारण पोटशूळ चंदी खाल्ल्यावर, म्हणजे रात्रीही उठू शकतो.

चौथे पाय. डांबरी किंवा दगडी रस्त्यावर धावून सांधे झिजतात, स्नायुबंध फाटतात. पाय मोडला तर बहुतेक वेळा उपाय नसतो. एवढ्या वजनाचे जनावर तीन पायांवर महिनोन्‌महिने उभे राहू शकत नाही, चांगला पायही निकामी होतो. तेव्हा त्याला शांतपणे मरू देणे हेच करुणेचे काम ठरते. पांजरपोळाच्या विचाराला हे पटत नाही, दवाखान्याला करावे लागते. या एका प्रश्नावर आपल्या देशातल्या प्राणिप्रेमी लोकांमध्ये शंभर वर्षे वाद चालू आहे, आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे आहेत.

याशिवाय जंतूंमुळे होणारे रोग वेगळेच. धनुर्वात आहे, जो खुरातल्या खिळ्याच्या भोकातूनही शिरतो. ग्लँडर्स आहे, जो घोड्यातून माणसाला होऊ शकतो. त्याच्यासाठी १८९९ मध्ये स्वतंत्र कायदाच करावा लागला. आणि सुरा नावाचा ताप आहे, ज्याचा जंतू ग्रिफिथ इव्हान्स या डॉक्टरने १८८० मध्ये डेरा इस्माइल खानला शोधून काढला. माश्या चावून तो पसरतो. या रोगांचा अभ्यास करायला सरकारने १८८९ मध्ये प्रयोगशाळा काढली ती कुठे, माहीत आहे? आपल्या पुण्यात. पुढे ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. सरकारला काळजी होती ती फौजेच्या घोड्यांची, भाड्याच्या तट्टांची नव्हे. पण रोगाला पलटणीचा घोडा आणि भाड्याचा घोडा यातला फरक कळत नाही, त्यामुळे फायदा दोघांनाही झाला.

आता गाढवाकडे येऊ. कोलकात्यात गाढव होते ते मुख्यतः धोब्याकडे, मुंबई-पुण्यात परटाकडे, कुंभाराकडे, विटा आणि वाळू वाहणाऱ्या वडार, बेलदार, कैकाडी मंडळींकडे. जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा मोठा बाजार भरतो, दात पाहून वय ठरते, वयावरून किंमत ठरते. घोड्याला निदान नाव असते. गाढवाला बहुतेक वेळा नावही नसते, आणि ‘गाढव’ हीच शिवी असते. अडला हरी गाढवाचे पाय धरतो म्हणतात, पण त्या पायाला काय झाले आहे ते हरी पाहत नाही.

पशुवैद्यांच्या दृष्टीने गाढव हा फार अवघड रुग्ण. घोडा दुखले की तडफडतो, लोळतो, सगळ्या गल्लीला कळते. गाढव दुखणे लपवते. ते नुसते गप्प उभे राहते, कान थोडे पाडते, खाणे कमी करते. मालकाला वाटते, आळशी झाले. म्हणून दोन फटके जास्त. आणि गाढवाने खाणे सोडले तर अंगातली चरबी रक्तात उतरू लागते, यकृत बिघडते, आणि मूळ दुखणे साधे असूनही जनावर यातच दगावू शकते. म्हणून गाढवांच्या दवाखान्यात पहिला प्रश्न असतो, ‘काल संध्याकाळी काय खाल्ले?’ ते उत्तर मालकाला देता आले, तर समजावे की हे गाढव बरेचसे वाचले.

आता ती ध्यानात ठेवलेली गोष्ट. आरोपीच्या पिंजऱ्यातला गरीब माणूस.

कोलकात्याच्या संस्थेची दोन अंगे होती. एक दवाखान्याचे, दुसरे कायद्याचे. संस्थेची माणसे रस्त्यावर फिरत, जखमी किंवा जास्त लादलेले जनावर दिसले की खटला भरत. कायद्याचा हेतू चांगला. पण गाडीवर पन्नासऐवजी सत्तर पोती कुणी चढवली? व्यापाऱ्याने. वेळेत माल पोचला पाहिजे असे कुणी सांगितले? बंदरातल्या कंपनीने. दंड कुणी भरला? गाडीवानाने. तो बहुतेक वेळा बिहार किंवा संयुक्त प्रांतातून आलेला, कर्ज काढून जनावर घेतलेला.

या असंतोषाचा स्फोट १ एप्रिल १९३० रोजी झाला. उन्हाळ्यात दुपारी १२ ते ३ या वेळात रेड्यांच्या गाड्या रस्त्यावर आणायच्या नाहीत, असा नियम लागू केला गेला. जनावराच्या दृष्टीने पाहिले तर नियम अगदी योग्य. रेड्याला ऊन सोसत नाही. पण गाडीवानाच्या दिवसातले तीन तास गेले आणि त्याची भरपाई कुणी देणार नव्हते. कामगार पुढारी अब्दुल मोमिन यांच्या नेतृत्वाखाली गाडीवानांनी संप केला, हजारो गाड्या रस्त्यांवर आडव्या लावून शहराची नाडी बंद केली. पोलिसांनी गोळीबार केला. माणसे मेली. जनावरांवर दया करण्यासाठी केलेल्या नियमावरून माणसांवर गोळ्या चालल्या, हे आपल्या इतिहासातले एक कडू सत्य आहे. त्याच आठवड्यात गांधीजी दांडीच्या वाटेवर होते, म्हणून पाठ्यपुस्तकात या संपाला जागा मिळाली नाही.

यातून काय शिकायचे? नियम चुकीचा होता का? नाही. स्वतंत्र भारतात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नातून १९६० चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा आला, आणि १९६५ च्या नियमांत काय लिहिले आहे? तापमान ३७ अंशांवर असेल तर दुपारी १२ ते ३ जनावर जुंपायचे नाही. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. गाढवाच्या पाठीवर ५० किलो, तट्टाच्या पाठीवर ७० किलो, खेचराच्या पाठीवर २०० किलो, त्याहून जास्त नाही. म्हणजे १९३० चा तो नियम आज देशाचा नियम आहे. त्याच कायद्याच्या ३५ व्या कलमानुसार न्यायालय जखमी जनावर उपचारासाठी दवाखान्यात पाठवू शकते आणि ते कामाच्या लायक होईपर्यंत तिथे ठेवायला सांगू शकते. पण त्या उपचाराचा आणि चाऱ्याचा खर्च? तो साधारणपणे मालकाने द्यायचा. पुन्हा तोच प्रश्न. ज्याच्याकडे चंदीला पैसे नाहीत तो दवाखान्याचे बिल कुठून देणार?

याचे उत्तर ज्यांनी शोधले त्यांच्याकडे पाहू. १९३० मध्ये डोरोथी ब्रुक नावाची इंग्रज बाई कैरोला आली. पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश फौजेचे हजारो घोडे युद्ध संपल्यावर तिथेच विकून टाकले होते, आणि ते म्हातारे होऊन दगडांच्या खाणीत, गाड्यांना जुंपलेले तिला दिसले. तिने वर्तमानपत्रात पत्र लिहिले, पैसे जमले. तिने काय केले? मालकांवर खटले भरले नाहीत. घोडे किंमत देऊन विकत घेतले, म्हणजे गरीब मालकाला दुसरे जनावर घेता आले. आणि १९३४ मध्ये कैरोत मोफत दवाखाना उघडला. ही संस्था पुढे भारतातही आली. आपल्याकडे सांगली जिल्ह्यात ‘अ‍ॅनिमल राहत’ ही संस्था वीटभट्ट्यांवरची गाढवे, साखर कारखान्यांचे बैल यांच्यावर जागेवर जाऊन मोफत उपचार करते. रुग्णाने दवाखान्यात यायचे नाही, दवाखान्याने रुग्णाकडे जायचे, कारण मालकाची एक दिवसाची मजुरी बुडवणे हीसुद्धा फीच असते.

मोटार आली, २७ मार्च १९०२ ला कोलकात्यात विजेची ट्राम धावली, १९०७ मध्ये मुंबईत. तबेले रिकामे झाले. घोड्यासाठी यंत्राने जे केले ते कुठल्याही कायद्याने केले नव्हते, हेही मान्य करायला हवे. पण घोडा संपला नाही. कोलकात्यात १८४० पासूनचे घोडदळ पोलीस आजही आहेत, घोड्यांच्या शर्यती आहेत, आणि व्हिक्टोरिया मेमोरियलसमोर सजवलेल्या बग्ग्या पर्यटकांना फिरवतात. पोलिसांच्या घोड्याला सरकारी डॉक्टर आहे, शर्यतीच्या घोड्याला खासगी डॉक्टर आहे. बग्गीच्या घोड्याला आहे तो धर्मादाय दवाखाना. मुंबईत उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, आणि त्याच आदेशात गाडीवानांचे आणि घोड्यांचे पुनर्वसन वर्षाच्या आत करावे असेही सांगितले. १९३० आणि २०१५ मधला फरक इथे आहे. या वेळी निदान न्यायालयाने माणसाचा विचार जनावरासोबत, एकाच कागदावर केला. कागदावरचे प्रत्यक्षात किती उतरते, हा पुढचा भाग.

मंडळी, एका दवाखान्याच्या निमित्ताने आपण इतके फिरलो. आजारी घोडा हा नुसता आजारी घोडा नसतो. त्याच्या खांद्यावरची जखम वाचता आली तर साज कुठला, भार किती, भाडे किती, कर्ज किती, सगळे कळते. ग्रँटसारख्या चित्रकाराने ती जखम आधी पाहिली, हे त्याचे ऋण. पण जखमेमागच्या माणसाला पाहायला आपल्याला आणखी बरीच वर्षे लागली. घोड्याला औषध द्यायचे आणि त्याच्या मालकाला उपाशी ठेवायचे, असा दवाखाना चालत नाही. चौथ्या दिवशी तो घोडा परत रस्त्यावर येतोच.

तेव्हा पुढच्या वेळी चौपाटीवर, माथेरानला, महाबळेश्वरला घोड्यावर बसायची वेळ आली तर आधी दोन गोष्टी पाहा. घोडा चारही पाय सारखे टेकतो का, आणि खोगिराखालून पाठ उघडी करून दाखवा म्हटल्यावर मालक दाखवतो का. जखम दिसली तर बसू नका. पण ओरडूही नका. त्याला जवळच्या दवाखान्याचा पत्ता विचारा, नसेल माहीत तर शोधून द्या, आणि जमले तर त्याच्या त्या दिवसाच्या भाड्याचा थोडा भार उचला.

आजच्यापुरते इतकेच. आपल्या गावात, आजोबांच्या वेळी टांगेवाले, नालबंद, घोड्यांचे वैद्य होते का? त्यांची नावे, त्यांचे उपाय घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. हा इतिहास कुठल्या दप्तरात सापडत नाही, माणसांच्या आठवणीतच असतो. भेटू पुढच्या भागात.